टारफुल्याने चोरून ऐकलेली हाक

यवतमाळ जिल्ह्यातल्या हलक्या रानात ज्वारी वाढीला लागली की कधी कधी ताटांच्या बुडाशी पांढऱ्या इवल्या फुलांचं एक रोप दिसतं. हा टारफुला. दिसायला गोजिरा, पण त्याची मुळं ज्वारीच्या मुळांत शिरून अन्नपाणी ओढतात आणि भरलं ताट कोमेजतं. त्याचं बी धुळीसारखं बारीक. जमिनीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं की नेमकं तेव्हाच रुजतं.

त्याला हे कळतं कसं?

माग लागला तो कपाशीच्या मुळांशी. अमेरिकेच्या कॅरोलायना भागात 1956 साली मक्यावर टारफुला सापडला आणि तिथे धावपळ उडाली. दहा वर्षांनी, 1966 मध्ये, तिथल्या संशोधकांनी कपाशीच्या मुळांतून पाझरणारं एक द्रव्य वेगळं काढलं. त्याच्या अत्यल्प अंशानेही टारफुल्याचं बी जागं होत होतं. नाव ठेवलं स्ट्रायगॉल. पण कोडं आणखी वाढलं. कपाशीवर तर टारफुला येतच नाही! मग ज्वारी-मक्याच्या वैऱ्याला उठवणारं हे द्रव्य कपाशी कशासाठी सोडते?

उत्तर यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. ओसाका प्रीफेक्चर विद्यापीठातल्या कोहकी अकियामा आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवलं, की याच कुळातली द्रव्यं सोडून मुळं मातीतल्या बुरशीला बोलावतात. द्रव्य लागताच बुरशीच्या धाग्याला भराभर फांद्या फुटतात आणि तो मुळाकडे सरकतो. टारफुल्याने दुसऱ्यासाठीची हाक चोरून ऐकली होती.

मुळं आणि बुरशी यांच्या या सोयरिकीला ‘मायकोरायझा’ हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रँक यांनी 1885 साली दिलं. सोयरीक मात्र फार जुनी. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत अशी बुरशी वनस्पतीच्या पेशींत बसलेली सापडते. त्या वनस्पतींना तेव्हा धड मुळंही नव्हती. गवतं पुढे कितीतरी काळाने आली, आणि हा वारसा त्यांना आयताच मिळाला. ज्वारी, मका, मारवेल, कुसळी ही सगळी त्याच वारशावर जगतात.

हे पाहायचं तर ज्वारीचं कोवळं मूळ कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करून निवळ करतात आणि निळ्या रंगात बुडवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीत बारीक फांद्यांचं निळं झुडूप उभं दिसतं. देवाणघेवाण होते ती इथे. झाड आपल्या अन्नाचा वाटा देतं, कधी अगदी पाचव्या हिश्श्यापर्यंत, आणि बदल्यात बुरशी स्फुरद आणून देते.

काळ्या मातीत हा सौदा मोलाचा ठरतो. चुनखडीमुळे स्फुरद तिथे जखडून बसतो आणि मुळालगतचा थोडासा संपला की पुढचा सरकून येत नाही. मूळ जिथवर पोहोचत नाही तिथवर बुरशीचे धागे जातात. पावसाने दडी मारली तर मूळ शिरू शकत नाही अशा बारीक फटींतली ओलही त्यांच्या आवाक्यात असते, म्हणून अशी ज्वारी ताण जास्त दिवस सोसते. हेच धागे मातीचे कण बांधून तिला रवाळ करतात. अशी माती पाणी मुरवते, सहज वाहून जात नाही.

स्फुरद कमी पडला की मुळांची हाक मोठी होते. टारफुला हलक्या, उपाशी जमिनीत का माजतो, त्याचं एक कारण हेच. उलट, स्फुरदाचं खत भरमसाट पडलं की मूळ हाकच मारत नाही. कृषी केंद्रातून मायकोरायझाची पुडी आणायची आणि त्याच सरीत डीएपी ओतायचं, हे पैसे मातीत घालणं आहे.

यवतमाळात ज्वारी मागे पडली. कपाशी आणि सोयाबीनने रान व्यापलं. ही दोन्ही पिकंही बुरशीला थारा देतात. पण ज्वारीसारख्या गवताच्या दाट, तंतुमय मुळांचं जाळं त्यांना नाही, आणि मातीच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. शिवाय सोयाबीन निघाल्यावर कोरडवाहू रान पुढच्या मृगापर्यंत उघडं पडतं. या बुरशीला वाढायला जिवंत मूळच लागतं. कपाशीतल्या तुरीच्या ओळी जानेवारीपर्यंत तरी उभ्या असतात, तोवर तिला घर राहतं. पुढचा उन्हाळा ती बीजाणूंच्या आणि वाळल्या मुळांच्या तुकड्यांच्या आधाराने काढते. धसकटं उपटून धुऱ्यावर पेटवली, की त्यांच्या मुळांतला तिचा साठाही तिथेच जळतो.