मॉरिशसचा खडक आणि कोकणचा श्रमिक

कोणत्याही देशाचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर प्रथम त्याच्या भूमीची घडण पाहावी लागते. मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे असून ते मकरवृत्ताच्या उत्तरेस वसले आहे. मध्यभागी पठार, त्याभोवती झिजलेले डोंगर आणि बहुतेक किनाऱ्यास प्रवाळभित्तीचा वेढा, अशी त्याची रचना आहे. सर्वोच्च शिखर अवघे ८२८ मीटर उंच आहे. आग्नेयेकडील वारे पठारावर भरपूर पाऊस पाडतात. पश्चिम किनारा मात्र कोरडा राहतो.

हे बेट ज्वालामुखीजन्य आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतातून दख्खनचे लाव्हाथर पसरले, त्याच स्रोतापासून पुढे मालदीवखालील सागरी कणा व कालांतराने मॉरिशस निर्माण झाले, असे भूशास्त्रज्ञांचे बहुमान्य मत आहे. म्हणजेच कार्ले-कान्हेरीची लेणी ज्या खडकात कोरली गेली, त्याचा व मॉरिशसच्या खडकाचा उगम एकच ठरतो.

१८३४ पासून जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी माणसे होती. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. तेव्हा नांदगाव परिसरातून कोणी गेला असल्यास त्याचा जिल्हा रत्नागिरी असाच नोंदलेला असणार, हे शोध घेणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

उसाच्या लागवडीसाठी जमिनीतील काळे धोंडे काढणे भाग होते. आधी गुलामांनी व नंतर या मजुरांनी ते हातांनी वेचून रचले. त्यांचे ढीग आजही उसाच्या शेतांत उभे आहेत. नोंदवहीत मजुराला क्रमांक मिळाला, त्याची जात व अंगावरील खुणाही लिहिल्या गेल्या. परंतु त्याने रचलेल्या दगडांवर त्याचे नाव नाही.

याउलट कार्ले येथील चैत्यगृहाच्या शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नामक सुताराचे नाव त्याच्या कामासह कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भूमीतील धम्मसंस्कृतीने श्रमिकाला जो मान दिला, तो एकोणिसाव्या शतकातील मळेवाल्यांनी दिला नाही.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. शिलालेख वाचताना आम्ही जी काळजी घेतो, तीच काळजी घेऊन त्या वाचल्या गेल्या पाहिजेत. ती नावेही आमच्याच इतिहासाची साधने होत.