जुन्नरची घाटवाट आणि तिथे थांबलेली माणसे

जुन्नर तालुक्यात येणारा आजचा प्रवासी बहुधा लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी, शिवनेरीवरील शिवजन्मस्थानासाठी किंवा पावसाळ्यातल्या नाणेघाटासाठी येतो, आणि ही ठिकाणे एकाच दिवसात पाहिली, तरी एक देवस्थान, एक किल्ला आणि एक निसर्गरम्य स्थळ अशी ती त्याच्या मनात वेगवेगळीच राहतात. वास्तविक या तिन्हींना जन्म आणि अर्थ मिळाला तो कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांतून सह्याद्री चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणाऱ्या एकाच व्यापारी वाटेमुळे, आणि त्या वाटेने आलेल्या माणसांनी मागे ठेवलेल्या खुणा हाच जुन्नरच्या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग आहे.

नाणेघाटाच्या माथ्यावरील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा हा लेख धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन करून सुरू होतो, आणि त्यात अश्वमेधादी वैदिक यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी यांची मोजदाद आकड्यांत दिलेली असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासात तो मोलाचा पुरावा ठरतो, आणि भगवानलाल इंद्रजींनी त्यातील अंकांवर स्वतंत्र निबंधच लिहिला. त्याच गुहेत राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांचे काही अवशेष आणि वर कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी, हकुसिरी अशी नावे तेवढी उरली आहेत. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याला राजसत्तेचे पहिले दर्शन येथेच होत असावे. जवळचा दगडी रांजण परंपरेने जकातीचा मानला जातो, आणि ती परंपरा मान्य केली तर नाणी पडण्याचा तो रांजण आणि दक्षिणेचे आकडे कोरलेली ती भिंत यांचा संबंध सहज ध्यानात येतो.

घाट ओलांडून आलेल्यांपैकी कितीतरी जण जुन्नरच्या डोंगरांत दान देऊन गेले. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत, ती मुख्यतः बौद्ध भिक्खूंच्या वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्यासाठी, कोरलेली आहेत. त्यांतील लेखांत ‘देयधम’ म्हणजे दान आणि ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके हे दोन शब्द वारंवार येतात. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा तशा परदेशी माणसाने, दोन पोढ्या दिल्या, तर चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. लेण्याद्रीचे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनार किंवा सराफाचा, मुलगा सुलसदत्त याचे दान आहे, तर मानमोडीवर महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम याने, लेखातील कालगणनेच्या ४६ व्या वर्षी, मंडप आणि पोढी करविली. व्यापाऱ्यांची श्रेणी, अमात्य, सराफाचा मुलगा आणि परदेशी पाहुणा यांची दाने एकाच परिसरात शेजारी नांदतात, आणि त्यांतही पाण्याच्या दानाला असलेला मान, चार महिने पाऊस आणि आठ महिने टंचाई अनुभवलेल्या प्रदेशाचे शहाणपण सांगतो. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, भिक्खूंच्या निवासासाठी खोदलेल्या विहारात, पुढे गिरिजात्मज गणेशाची स्थापना झाली, आणि अष्टविनायकांपैकी हे एक देवस्थान लेण्यांच्या रांगेतच वसले. तेथे दर्शन घेताना शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृहात पाऊल न टाकता परतणे ही फार मोठी हुकलेली संधी म्हटली पाहिजे.

पावसाने थांबलेल्यांत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन हाही होता. चौलच्या बंदरात उतरून घोडा विकण्यासाठी तो जुन्नरला पोहोचला आणि चिखल-पावसात महिनोन्‌महिने अडकून पडला. येथील अधिकारी असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि तो परत देण्यासाठी धर्मांतराची अट घातली, तेव्हा एका खोरासानी माणसाच्या रदबदलीने त्याची सुटका झाली. कड्यावर वसलेल्या या दुर्गम ठिकाणाचे त्याचे वर्णन म्हणजे परक्या डोळ्यांना दिसलेल्या जुन्नरचे फार जिवंत चित्र आहे. पुढे निजामशाहीच्या आरंभीच्या काळात जुन्नर हेच सत्तेचे ठाणे होते, आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. गडावरील गंगा-जमुना ही टाकी पाहताना पोढ्यांची परंपरा आठवल्याखेरीज राहत नाही. एकोणिसाव्या शतकात कर्नल विल्यम साइक्स याने नाणेघाट आणि जुन्नरच्या लेण्यांतील लेखांची नोंद करून ती विद्वानांसमोर आणली, आणि डोंगरात दडलेली ही नावे पुन्हा वाचली जाऊ लागली.

जुन्नरच्या दक्षिणेकडील आंबेगाव तालुक्याची वाट मात्र वेगळी आहे. त्याच्या सीमेलगतच्या भीमाशंकरला कोकणातून शिडी घाटाने आणि गणेश घाटाने भाविक चालत येतात, आणि मंदिरापुढील १७२१ सालाची पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर येथे आली, म्हणजे तीही समुद्राकडूनच घाट चढून आली. स्वातंत्र्यलढ्यात १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या वाहनापुढे प्राण देणारे बाबू गेनू हे याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. तालुक्याला नाव देणारे मूळ आंबेगाव मात्र आज पाहता येत नाही, कारण घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात ते बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, आणि जलाशयाला बाबू गेनूंचे नाव दिलेले आहे.