केडगावहून गुलबर्ग्याला : पवित्रतेची वाट



पंडिता रमाबाई म्हटले की आपल्याला केडगावचे मुक्ती मिशन आठवते. पण 1912 साली रमाबाईंनी आपल्या गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, ख्रिस्ती हायस्कूल काढले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी आपली एकुलती एक मुलगी मनोरमाबाई हिला दिले.

एवढे देण्याची तयारी एका दिवसात झाली नव्हती. रमाबाईंचा जन्म 1858 चा, कर्नाटकातल्याच गंगामूळच्या रानातला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, तेव्हा ख्रिस्ती धर्म हाती आला होता, पण स्वतः ख्रिस्त भेटायचा होता. ती भेट सुमारे आठ वर्षांनी झाली. लक्षात घ्या, 1889 मध्ये शारदा सदन सुरू झाले होते. बाई इतरांना शिकवत होत्या, विधवांना आसरा देत होत्या, देशोदेशी नावाजल्या होत्या. तरी सेवा म्हणजे पवित्रता नव्हे, हे त्यांनी ओळखले आणि प्रभूपुढे रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या.

जो स्वतः असा उभा राहिला, तोच दुसऱ्याला उभे करू शकतो. 1905 च्या जानेवारीत त्यांनी मुक्तीतल्या मुलींना रोज खास प्रार्थनेसाठी बोलावले. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्याच महिन्यात मुक्तीत संजीवन आले. पश्चात्तापाचे अश्रू वाहिले. पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल, असे त्यांनी विचारले आणि तरुण मुली पुढे आल्या. दुष्काळातून आणलेल्या, कोणी विचारत नव्हते अशा मुली आता दुसऱ्यांना वाट दाखवू लागल्या.

गुलबर्ग्याची शाळा याच वाटेवरची आहे. म्हातारपणी लेक जवळ असावी, असे कोणत्या आईला वाटत नाही? 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या; आईच्या आधी. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईही प्रभूकडे गेल्या. साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

भालकी, औराद, बसवकल्याणच्या मंडळ्यांनो, आपल्याकडे घरात मराठी आणि शाळेत कन्नड अशी मुले वाढत आहेत. त्यांना वचन पाठ करून घेणे सोपे आहे. पण पौलाने करिंथकरांना सांगितले होते की, मी ख्रिस्ताचे अनुकरण करतो तसे तुम्ही माझे करा. हे म्हणायला आपल्यापैकी कोण धजेल? मुले आपला धडा विसरतील. आपण घरी कसे बोलतो, पैशाला कसे वागतो, चुकल्यावर क्षमा मागतो की नाही, हे विसरणार नाहीत. आणि ती तयार झाली की त्यांना जबाबदारी द्या, आपली जागासुद्धा द्या.

हे प्रभू, आधी आम्हांला शुद्ध कर, मग आमच्या हाती तुझी लेकरे दे. आणि वेळ येईल तेव्हा त्यांना पाठवण्याचे धैर्यही दे. आमेन.