बालवीर व वीरबाला चळवळ (स्काउट-गाइड)

शालेय वयातील मुलामुलींच्या चारित्र्यघडणीसाठी चालविली जाणारी, अभ्यासक्रमाला पूरक अशी जागतिक चळवळ. ब्रिटिश सेनानी रॉबर्ट बेडन-पॉवेल हे तिचे प्रवर्तक. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगच्या वेढ्यात (१८९९–१९००) मुलांनी निरोप पोचविण्याची जबाबदारी चोख पार पाडलेली त्यांनी पाहिली होती. १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर त्यांनी निरनिराळ्या सामाजिक थरांतील सु. २० मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले. मुलींची स्वतंत्र संघटना १९१० मध्ये उभी राहिली.

भारतात पहिले पथक १९०९ मध्ये बंगलोर येथे निघाले. मात्र आरंभी भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. पुढे श्रीराम बाजपेयी, ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी त्यांच्यासाठी पथके व संघटना उभारल्या. विविध संघटनांच्या एकीकरणातून ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ स्थापन झाली.

या चळवळीतील शिक्षणाचा गाभा म्हणजे सहा ते आठ जणांचा संघ. संघनायक मुलांपैकीच असतो. तंबू ठोकणे, गाठी मारणे, स्वयंपाक, प्रथमोपचार ही कामे वाटून घेतल्याने सहकार्य व जबाबदारी अंगवळणी पडते. रोज एक सत्कृत्य करण्याचा नेम सेवावृत्ती रुजवितो, तर स्वकष्टाने पैसे मिळविण्याच्या ‘खरी कमाई’ उपक्रमातून श्रमाचे मोल कळते. सर्व निर्णय शिक्षकच घेऊ लागले किंवा बिल्ले मिळविणे हेच ध्येय ठरले, तर मूल्यसंस्काराचा हेतू दुरावतो.