तंत्रज्ञांची संस्था आणि सहीचा प्रश्न

माझे थोरले काका अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. पदविका घेतलेली, हातात कसब, पण नावापुढे पदवी नाही. घरात दहा तोंडे आणि पदरी रात्रपाळी. कॉलेजात दिवसभर बसणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांच्यासारख्यांना एक वाट मोकळी होती, ती म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए.एम.आय.ई. परीक्षा. 'ए' आणि 'बी' असे दोन विभाग उत्तीर्ण झाले की संस्थेचे सहयोगी सदस्यत्व मिळे, आणि ते नोकरीत पदवीच्या बरोबरीचे धरले जाई. वर्गात हजेरी नको, देणगी नको. नोकरी सांभाळून अभ्यास करायचा.

काकांनी अर्ज भरला. अर्जावर संस्थेच्या एका सदस्याची सही हवी होती. कारखान्यात असे सदस्य म्हणजे वरचे साहेब. एकाने 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हटले. असे किती आठवडे गेले, हे काका आम्हां मुलांना बोटांवर मोजून दाखवीत. शेवटी डोंबिवलीच्या एका निवृत्त अभियंत्याने सही केली, तीही ओटीवर उभ्यानेच. आमच्या घरात त्या गृहस्थाचे नाव अजून आदराने निघते.

या संस्थेची स्थापना 1920 सालची. सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाच्या विचारमंथनातून तिची कल्पना पुढे आली आणि हॉलंडच पहिले अध्यक्ष झाले. 1935 साली तिला ब्रिटिश राजाची सनद मिळाली. व्यवसायाचा दर्जा राखायचा तर आत कोणाला घ्यायचे हे त्या व्यवसायातल्या जाणत्यांनीच ठरवावे, हे या सनदी संस्थांचे मूळ तत्त्व. इंग्लंडातही हीच रीत. तत्त्व वाईट आहे असे मी म्हणत नाही. पूल कोसळू नये असे वाटणाऱ्या कोणालाही ते पटेल. पण जाणते कोण, हे ठरवणारेही आधीपासून आत बसलेलेच असतात. नियमांत जातीचा शब्द नाही. सहीत मात्र ओळख लागते, आणि आपल्या समाजात ओळख पंगतीतून, आळीतून, नात्यातून येते.

लेखी नियमापेक्षा न लिहिलेला नियम कसा काम करतो, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवले होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात चांगली मजुरी मिळे, पण ते खाते अस्पृश्यांना बंद होते; धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि विटाळाची भीती सवर्ण कामगारांना होती. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोघांना कामगारांचे शत्रू म्हटले. ती जी.आय.पी. रेल्वेच्या कामगारांची परिषद होती, आणि आमच्या अंबरनाथ-बदलापूरचे रूळही त्याच रेल्वेचे. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1942 पासून मजूरखाते सांभाळताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी शासनाने पैसा द्यावा, असा आग्रह धरला. नुसत्या वकिलांनी समाज चालत नाही, हे त्या वकिलाला माहीत होते.

संस्थेचा कारभार परिषद पाहते, आणि मताचा हक्क सनदी सदस्यांचा. तंत्रज्ञ या पायरीवर थांबलेल्याला तो नाही. संविधानाचे कलम 16(4) शासकीय नेमणुकांपुरते आहे. अशा संस्थेच्या परिषदेत आपला माणूस बसवायला त्याचा उपयोग होत नाही. आपल्या चळवळीने राखीव जागांसाठी रक्त आटवले ते योग्यच. पण व्यावसायिक संस्थांच्या निवडणुकांकडे आपण ढुंकूनही पाहिले नाही. ही चूक आपलीही आहे.

तरीही त्या परीक्षेने शेकडो जणांना वर काढले असेल, असे मला वाटते. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, बदलापूरची एम.आय.डी.सी.: या पट्ट्यात यंत्रासमोर उभे राहून शिकणारा माणूस आणि परीक्षेचा कागद यांना जोडणारा पूल दुसरा नव्हता. तो पूल केंद्र शासनाच्या निर्णयाने बंद झाला. 31 मे 2013 पर्यंत ज्यांनी नाव नोंदवले त्यांचीच समकक्षता मान्य राहिली. बाहेरून शिकलेल्यांचा दर्जा घसरतो, हे कारण ऐकण्यात आले. महाविद्यालयातून पैसे भरून बाहेर पडणाऱ्यांच्या दर्जाबद्दल इतकी काळजी कोणाला वाटलेली दिसत नाही.

काकांना 'बी' विभाग पुरा करायला नऊ वर्षे लागली. त्यांची इंग्रजी पुस्तके आमच्या पोटमाळ्यावर अजून आहेत. समासात मराठीत अर्थ लिहिलेले. गेल्या वर्षी बदलापूरच्या कारखान्यात कंत्राटावर काम करून उल्हासनगरला माझ्या वर्गात बसणाऱ्या एका मुलाला मी ती दाखवली. त्याने विचारले, "सर, ही परीक्षा आता नोकरीला चालते का?" मी तारीख सांगितली. तो मनात हिशेब करून म्हणाला, "तेव्हा मी चौथीत होतो."