पाच आणि पाच: ठाणे जिल्ह्यातील दोन गोळीबारांची गोष्ट

जनतेचा असंतोष, जमाव आणि राज्यसत्ता यांचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे सहसा युरोप उभा राहतो. 1789 चे पॅरिस, 1819 चे मँचेस्टर, 1848 ची क्रांतिवर्षे, 1968 चा मे महिना अशी ती परिचित मालिका आहे. साहित्याच्या वर्गात तर ही उदाहरणे अपरिहार्यच ठरतात, कारण या प्रत्येक उद्रेकाभोवती कविता, कादंबऱ्या आणि समीक्षा यांचे दाट जाळे विणले गेले आहे. परंतु असंतोषाचे रूपांतर राजकीय कृतीत कसे होते, आणि त्या कृतीतले नेमके काय स्मरणात ठेवायचे हे कोण ठरवते, हे प्रश्न समजून घेण्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. बोईसर, सरावली, पालघर या पट्ट्यातून उत्तरेकडे डहाणू-तलासरीपर्यंतचा प्रदेश त्यासाठी पुरेसा आहे. आज हा पालघर जिल्हा आहे. 2014 पूर्वी तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता.

पहिली घटना 14 ऑगस्ट 1942 ची. 'छोडो भारत' ठरावानंतर पुढाऱ्यांची धरपकड होऊन आठवडाही उलटला नव्हता. किनाऱ्यावरच्या गावागावांतून निघालेले लोक पालघरच्या कचेरीच्या दिशेने चालून गेले. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले: सातपाटीचे पागधरे, नांदगावचे ठाकूर, मुरब्याचे चुरी, सालवडचे मोरे आणि पालघरचे तिवारी. ही आडनावे आणि गावे एकत्र वाचली की त्या जमावाची सामाजिक रचना ध्यानात येते. बंदरपट्टीतील वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या व्यवसायांचे लोक एका कचेरीसमोर एक झाले होते. त्यांच्या असंतोषाला पत्ता होता, आणि तो पत्ता म्हणजे सरकार. पालघरमध्ये आज हुतात्मा चौक आहे आणि दरवर्षी 14 ऑगस्टला तेथे अभिवादन होते. ज्या सालवडमधून मोरे आले होते ते आता सरावलीप्रमाणेच तारापूर औद्योगिक वसाहतीच्या वेढ्यात आले आहे. परिसर ओळखू येईनासा झाला, तरी चौकाचे नाव टिकून आहे.

दुसरी घटना यानंतर तीन वर्षे आणि दोन महिन्यांनी घडली. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. येथेही पाच जण मारले गेले. सार्वजनिक लेखनात त्यांचा उल्लेख बहुधा 'जेठ्या गांगड आणि इतर चार' असा होतो.

या 'इतर चार'मध्ये दोन्ही घटनांमधले अंतर सामावलेले आहे. ते अंतर कोठून आले, हे पाहण्यासाठी तलवाड्याच्या मागची पार्श्वभूमी थोडी तपशीलाने पाहायला हवी.

डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात वारली समाज सावकार-जमीनदारांच्या पकडीत होता. वेठ म्हणजे बिनमजुरीचे सक्तीचे काम. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी बायकोसह धन्याच्या घरी राबणारा माणूस. हे राबणे अनेकदा जन्मभर संपत नसे. सरकारला हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या या स्थितीवर अहवाल दिला होता. अहवाल झाला, वेठ चालू राहिली. दुःखाची नोंद होणे आणि दुःखाला राजकीय वाचा फुटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ती वाचा फुटली 1945 साली. जानेवारीत टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या अधिवेशनाला उंबरगाव तालुक्यातून काही वारली गेले. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. 23 मे रोजी झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही, बारा आणे रोजाशिवाय काम करणार नाही, असे त्यांनी ठरवले. झरीला जमलेल्या माणसांची उपासमार त्या दिवशी अचानक वाढली होती, असे नाही. पिढ्यान् पिढ्या जो 'रिवाज' होता तो नाकारता येतो, एवढाच नवा बोध त्यांना झाला होता. केवळ दारिद्र्यातून उठाव होत नाही. जे नैसर्गिक वाटत होते ते माणसाने केलेले आहे, हे उमगल्यावर होतो. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने 1971 साली अठराव्या शतकातील इंग्रज जमावाविषयी लिहिताना, भुकेचे दंगे पोटातून कमी आणि न्यायाच्या कल्पनेतून अधिक जन्मतात, अशा आशयाची मांडणी केली. झरीची सभा त्या मांडणीच्या सव्वीस वर्षे आधीची आहे.

पावसाळा संपल्यावर गवतकापणीच्या दरावरून संप झाला आणि त्याच काळात तलवाडा घडले. गोदावरीबाई तेथे येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी आवई उठवली गेली. वारली ज्यांना 'गोदाराणी' म्हणत त्या बाईंच्या रक्षणासाठी माणसे रात्रीच गोळा झाली. ही अफवा जमीनदारांनी पसरवली, असे आंदोलनाच्या बाजूने सांगितले गेले. जॉर्ज लफेव्र यांनी 1932 च्या ग्रंथात 1789 च्या उन्हाळ्यातील फ्रेंच खेड्यांचे चित्र उभे केले आहे. दरोडेखोर येत आहेत या अफवेने शेतकरी शस्त्रे घेऊन जमले आणि पुढे अनेक ठिकाणी तोच जमाव सरंजामदारांच्या गढ्यांकडे वळला. तलवाड्याला अफवेची दिशा उलटी होती. जमाव कोणत्याही कचेरीवर चालून गेला नव्हता, सरकार उलथवणे त्याच्या मनातही नव्हते. गोळ्या सुटल्या आणि जमीनदाराविरुद्धचा असंतोष त्या रात्रीनंतर सरकारविरुद्धचाही झाला. पालघरच्या जमावाने आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडला होता. तलवाड्याच्या जमावापुढे मात्र तो बंदूक घेऊन स्वतःच येऊन उभा राहिला.

हे सारे परकीय राजवटीत घडले, असे म्हणून समाधान करून घेता येत नाही. एप्रिल 1946 मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात पुन्हा सत्तेवर आले. मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. जंगलकामाच्या मजुरीवरून लढा तीव्र झाला, परुळेकर दांपत्यावर हद्दपारीचे हुकूम निघाले आणि जानेवारी 1947 मध्ये पालघर तालुक्यातीलच नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन आदिवासी मारले गेले. खेर हे आदिवासींविषयी उदासीन असलेले गृहस्थ नव्हते. आदिवासी सेवा मंडळाची स्थापना त्यांचीच. म्हणूनच हा प्रश्न व्यक्तींच्या दुष्टाव्याचा उरत नाही. आदिवासींची सेवा करणे एका विचाराला मान्य होते. त्यांनी स्वतः दर ठरवणे, नकार देणे, संघटित होणे मात्र त्याच विचाराला सुव्यवस्थेचा भंग वाटत होते.

आता स्मरणाचे गणित उलगडते. पालघरचे पाच राष्ट्राच्या कथेत सहज बसतात, कारण त्यांच्यासमोर परका होता. तलवाड्याच्या पाचांसमोर स्वदेशी सावकार होता आणि नानिवलीत तर उद्याचे स्वतंत्र सरकारच होते. तलवाड्याचे हुतात्मे विस्मृतीत गेलेले नाहीत. लाल बावटा दर 10 ऑक्टोबरला त्यांना स्मरतो, आणि डहाणू मतदारसंघाने 2019 व 2024 साली त्याच पक्षाचा आमदार निवडून दिला, यामागे त्या स्मृतीचाही वाटा असावा. परंतु ती एका पक्षाची स्मृती राहिली, साऱ्या जिल्ह्याची झाली नाही. युरोपातही असेच घडते. 16 ऑगस्ट 1819 रोजी मँचेस्टरच्या सभेवर घोडदळ घालण्यात आले. त्या जागी 1972 साली लावलेल्या फलकावर जमाव पांगवल्याचा उल्लेख होता, मृत्यूंचा नव्हता. तो फलक 2007 साली बदलला आणि मोठे स्मारक 2019 मध्ये, दोनशे वर्षांनी झाले. त्या घटनेवरची शेलीची कविताही ती लिहिल्यानंतर तेरा वर्षांनी, 1832 मध्येच छापली गेली.

वारली लढ्याला साहित्यात स्थान मिळवून दिले ते गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाने. ते 1970 साली प्रसिद्ध झाले आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे पुस्तक आपण अनुभवकथन म्हणून वाचतो, शिकवतो. ते स्मरणाचा दस्तऐवज म्हणूनही वाचले पाहिजे, आणि त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे: जाग्या झालेल्या माणसाची ही कथा जागे करणारीने सांगितली आहे. पालघरच्या पाचांची आडनावे चौकामुळे आपल्यापर्यंत पोचली. तलवाड्याच्या 'इतर चार' जणांना त्यांच्या नावांनी ओळखण्याचे काम मात्र इतिहास आणि साहित्य शिकवणाऱ्या आपणा सर्वांकडे अजून शिल्लक आहे.