राजगीरचा खुर्ची-रज्जुमार्ग : मैत्रीचा वारसा आणि तपासणीचा प्रश्न

नागपूरहून बोधगया, राजगीर, नालंदा अशा यात्रेस निघालेला उपासक राजगीरला रत्नगिरीवरील विश्वशांती स्तूपाकडे उघड्या, एकआसनी खुर्चीतून जातो. भारतातील प्रवासी रज्जुमार्गांच्या आरंभकाळातील हा मार्ग होय. विदर्भाशी त्याचे नाते यात्रेकरूंपुरते मर्यादित नाही. स्तूपाचे प्रवर्तक जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी हे १९३३ साली वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले होते. स्तूपाच्या कामात त्यांना साहाय्य करणारे भिक्खू सुरेई ससाई पुढे नागपुरास आले. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या संयोजनात अग्रभागी असलेल्या वामनराव गोडबोले यांच्याशी त्यांची तेथे भेट झाली. २५ ऑक्टोबर १९६९ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. रज्जुमार्ग ही त्याच जपानी स्नेहाची देणगी.

देणगीचा इतिहास आवर्जून सांगितला जातो. देखभालीचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. अमेरिकेत १९३६ साली सन व्हॅली येथे जेम्स करन या अभियंत्याने केळ्यांचे घड जहाजावर चढविण्याच्या यंत्रावरून बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी चेअरलिफ्ट योजिली. घडाच्या आकड्याजागी खुर्ची आली, एवढाच काय तो फरक! अशा मार्गात खुर्ची पोलादी दोरास पकडीने कायमची जखडलेली असते. पकडीखाली व तिच्या कडेला दोर सतत दाबला व वाकविला जात असल्याने तेथील तारा थकतात. म्हणूनच ठरावीक काळाने प्रत्येक पकड दोरावर थोडी पुढे सरकवावी लागते. दोराच्या आतील तुटलेल्या तारा वा गंज डोळ्यांस दिसत नाही. त्यासाठी चुंबकीय चाचणी आवश्यक ठरते. खुर्च्यांना दिलेला नवा रंग याबाबत काहीच सांगत नाही.

केवळ नजरेने केलेल्या तपासणीची मर्यादा ३ सप्टेंबर २०२५ रोजी लिस्बन येथे दिसून आली. रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या, १८८५ पासूनच्या ग्लोरिया मार्गावर १६ जण मृत्युमुखी पडले. त्याच सकाळी तपासणी झाली होती. परंतु दोर जेथे तुटला ती जागा डबा सुटा केल्याविना दिसणारी नव्हती, असे प्राथमिक अहवालात नमूद आहे.

भारतात याविषयीचे कायदे प्रांतवार झाले. १९२३ चा बंगालचा कायदा त्यांतील आरंभीचा. देवघरजवळ त्रिकूट येथे १० एप्रिल २०२२ रोजी दुर्घटना घडली. प्रवासी हवेत अडकून पडले व त्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना प्रत्येक रज्जुमार्गाचे अनुभवी संस्थेकडून सुरक्षा परीक्षण करवून घेण्यास कळविले. राजगीरला २०२१ साली आठ आसनांच्या बंदिस्त डब्यांचा नवा मार्ग जुन्याशेजारी सुरू झाला होता.

नागपूरकरांना त्याहून जवळचे उदाहरण डोंगरगडचे. हावडा मार्गावरील या बमलेश्वरीच्या गडावर विदर्भातून भाविकांची रीघ असते. तेथे २५ एप्रिल २०२५ रोजी रज्जुमार्गाची ट्रॉली स्थानकाजवळच उलटली व प्रवासी जखमी झाले. महाराष्ट्रात १९९६ साली सुरू झालेल्या रायगडच्या रज्जुमार्गासही आता तीन दशके होत आहेत. या साऱ्या ठिकाणी दोर केव्हा बदलला, पकडी केव्हा सरकविल्या, चाचणी कोणी केली, याची नोंदवही उद्घाटनाच्या कोनशिलेइतकीच अभ्यासकांसाठी व प्रवाशांसाठी खुली असावयास हवी.